महाकाय सॅलॅमँडरची नावं वाचताना या चुका टाळा

पहिली चूक आपण मराठीतच करतो. सॅलॅमँडरला 'पाण्यातला सरडा' म्हणून मोकळे होतो. अंगावर एक खवला नसलेला हा प्राणी बेडकाच्या गोतातला, उभयचर. दुसरा घोळ 'प्रजाती'चा. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं सर्रास उलट लिहितात. चीनच्या महाकाय सॅलॅमँडरबाबत तरी हे चालणार नाही. तिथे प्रजाती एकच आहे, जाती किती हाच तर वाद आहे.

जुन्या कॅटलॉगमध्ये आजचं नाव शोधत बसू नका. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लांशार यांनी १८७१ मध्ये या प्राण्याला 'सिबोल्डिया डेव्हिडियाना' म्हटलं, चीनमध्ये नमुने जमवणाऱ्या आर्मां डेव्हिड या पाद्र्यावरून. पुढे तो 'मेगालोबॅट्रॅकस' प्रजातीत गेला, आणि आता 'आंद्रियास डेव्हिडियानस' आहे. शेवटचा 'आना'चा 'आनस' झाला तो लॅटिन व्याकरणापायी: सिबोल्डिया स्त्रीलिंगी, आंद्रियास पुल्लिंगी. या दोन वेगळ्या जाती नव्हेत. जातीच्या नावापुढे ब्लांशार यांचं नाव कंसात छापतात तेही शोभेसाठी नाही. जातीची प्रजाती नंतर बदलली, एवढंच तो कंस सांगतो. नक्कल करताना लोक तो हमखास गाळतात.

नावाचा अर्थ लावून प्राणी समजून घ्यायला जाल तर फसाल. 'आंद्रियास' म्हणजे माणसाची प्रतिमा! १७२६ मध्ये स्विस अभ्यासक शॉइख्झर यांनी जर्मनीतल्या ओनिंगेनच्या खाणीतला एक जीवाश्म नोहाच्या प्रलयात बुडालेला माणूस म्हणून जाहीर केला. १८११ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात गेले, दगड टोकरून पुढचे पाय उघडे केले आणि तो सॅलॅमँडर निघाला. तरी १८३७ मध्ये स्विस प्राणिशास्त्रज्ञ चुडी यांनी प्रजातीला हेच नाव दिलं. चूक सुधारली, पण नावात तिची आठवण राहिली.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे 'समानार्थी नाव' (म्हणजे त्याच जातीचं दुसरं नाव) म्हणून बाजूला टाकलेलं नाव मेलं असं समजणं. १९२० च्या दशकात हाँगकाँगच्या वनस्पती उद्यानात पावसाच्या लोंढ्यानंतर एक सॅलॅमँडर सापडला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. १९२४ मध्ये एडवर्ड बूलंजर यांनी त्याला 'मेगालोबॅट्रॅकस स्लिगोई' हे नाव दिलं, स्लिगोचे मार्क्विस या आयरिश उमरावावरून. प्राणी तेव्हा जिवंत होता! वीसेक वर्षं तिथे राहून तो अखेर नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या बरणीत गेला. नावही डेव्हिडियानसखाली गाडलं गेलं. २०१९ मध्ये १७ जुन्या संग्रहालयीन नमुन्यांचा डीएनए तपासल्यावर स्लिगोई पुन्हा उभी राहिली.

लेबलावरच्या ठिकाणावरही डोळे झाकून विसंबू नका. हाँगकाँगला सापडला म्हणून तो हाँगकाँगचाच, असं होत नाही. हा प्राणी खाण्यासाठी विकला जातो, दूरवर नेला जातो. स्लिगोईचं खरं घर दक्षिण चीन, असं आता मानतात. २०२२ मध्ये 'जियांगशिएन्सिस' ही आणखी एक जाती वर्णिली गेली. त्यामुळे 'चीनचा महाकाय सॅलॅमँडर, लांबी १.८ मीटर' असं वाक्य कुठूनही उचलण्याआधी विचारा: कोणत्या जातीचा? शेततळ्यांत वाढवलेले प्राणी नद्यांत सोडणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नाही, आणि वेगवेगळे वंश एकमेकांत मिसळले.

आपल्याकडेही हेच. दार्जिलिंगच्या सॅलॅमँडरला जुनी पुस्तकं 'टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस' म्हणतात. २०१५ पासून हिमालयातला तो 'हिमालयानस' आहे. पुस्तक खोटं नाही, जुनं आहे. म्हणून उद्धृत करताना साल लिहा.

स्लिगोई निसर्गात उरली आहे का, ही धास्ती होतीच. २०२४ मध्ये जपानमधल्या चिनी महाकाय सॅलॅमँडरांचे नमुने तपासताना दोन जिवंत स्लिगोई हाती लागले, पण निसर्गात नव्हे, बंदिवासात.