उणे एकशे बाराचा कोपरा

पहिली नोकरी लागली तेव्हा आईनं आजोळी फोन करून सांगितलं, "कंपनी गाडी देते, ड्रायव्हरही देते." खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या गाडीत मी दिवसभर मांडीवर लॅपटॉप आणि त्याला जोडलेले चार फोन सांभाळत इंदूरच्या गल्ल्या मोजत असे. गाडीतून फिरत मोबाइलचं सिग्नल कुठे कसं मिळतं ते मोजायचं, याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. टेलिकॉममधली बरीच पोरं याच दारानं आत येतात, तेही बहुतेक कंत्राटदाराकडे. पगार उशिरा होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सिग्नलची ताकद आरएसआरपी या मापात येते आणि आकडे सगळे उणे. उणे ८० झकास, उणे ११० च्या खाली गेलं की फोन धापा टाकतो. आकडा दर १० डीबीनं (डेसिबलनं) खाली गेला की शक्ती दहापट घटते, एवढं पक्कं झालं की पुष्कळ गोष्टी सुटतात.

पण नुसते आकडे पुरत नाहीत. सुदामा नगरात एका टॉवरभोवती फिरताना नकाशा हिरवागार होता, म्हणजे सिग्नल सगळीकडे चांगलं. टॉवरला तीन सेक्टर, म्हणजे तीन दिशांना तोंड केलेले अँटेना, आणि प्रत्येकाचा ओळख-नंबर, पीसीआय, वेगळा. मी पूर्वेला, आणि फोन दाखवतोय पश्चिमेच्या सेक्टरचा नंबर. पश्चिमेला गेलो तर उलट. वर केबली अदलाबदल होऊन जोडल्या होत्या. रंग बघून पास केलं असतं तर शेजारच्या टॉवरकडे जाताना कॉल तुटत राहिले असते.

राजवाड्यामागच्या बोळांत तर दोन फेऱ्या कधी सारख्या व्हायच्याच नाहीत. हातगाडी आडवी आली की रस्ता बदला. ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "भिया, ये गली तो कल भी नापी थी." नापली होती, पण काल वेग वेगळा होता, वेळ वेगळी होती. मग कालचा आणि आजचा फरक टॉवरचा की आपला, हे सांगणार कसं?

याचं उत्तर मला इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत मिळालं: मोजणारी गाडी माणसानं नाही, यंत्रानं चालवायची. १९८८ चा मोटार वाहन कायदा चालक म्हणजे माणूस असंच धरून चालतो, त्यामुळे रस्त्यावर बिनचालक गाडी सोडणं आपल्याकडे होत नाही. कारखान्याच्या भिंतीआत मात्र होतं. एका गोदामात स्वतःचं ५जी बसवलं होतं आणि माल वाहणारे स्वयंचलित गाडे आधीपासून फिरत होते. आम्ही एका गाड्यावर फोन बांधला.

आत जीपीएस नाही. माणूस मोजायला गेला तर नकाशावर बोट टेकवत चालतो, आणि दोन टेकवण्यांमधली जागा सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. गाड्याला लायडरमुळे (लेझरनं अंतर मोजणारं यंत्र) आपली जागा काही सेंटिमीटरपर्यंत कळते. वेग कायम सेकंदाला एक मीटर. रात्री दोन वाजता पाठवा, कुरकुर नाही.

घोळ आमच्याकडून झाले. फोन गाड्यावर गुडघ्याच्या उंचीला होता आणि फोर्कलिफ्टवाल्यांचे टॅब छातीपाशी. म्हणून दीड मीटरचा पीव्हीसी पाइप उभा केला (लोखंडी नको, तो सिग्नलच बिघडवतो). तिसऱ्या फेरीत तो अर्धवट उतरलेल्या शटरला आपटला. लायडरला जमिनीलगतचाच एक पट्टा दिसत होता, पाइपाला कुठले डोळे!

दुसरा घोळ जास्त शिकवून गेला. नकाशावर कमजोर जागा एका रांगेत पुढे, पुढच्या रांगेत मागे, उसवलेल्या शिवणीसारख्या दिसत होत्या. दोन दिवस अँटेनावर संशय. मग उलगडलं: गाडा एका रांगेतून जातो, पुढचीतून परततो. लॅपटॉपचं घड्याळ गाड्याच्या घड्याळापेक्षा सात सेकंद पुढे होतं, म्हणजे प्रत्येक मोजमाप सात मीटर सरकलेलं. तेव्हापासून फेरी सुरू करण्याआधी सगळी यंत्रं एकाच टाइम सर्व्हरला लावतो. थोडं पायथन येत असेल तर ही सरक दहा ओळींत सापडते, तेव्हा शिकाच.

नकाशा नीट झाल्यावर एकच कोपरा उरला. सकाळी उणे ९५, संध्याकाळी उणे ११२. चाळीस फेऱ्या झाल्या म्हणून हे दिसलं. पायी चालणाऱ्यानं एक सकाळची फेरी मारून सही केली असती. कारण मात्र गाड्याला सांगता आलं नाही. ते सांगितलं स्टोअरच्या काकांनी, चहा पिता पिता: "अरे, दुपारच्या पाळीला तिथे पोलादी कॉइल रचतात ना." पोलादाच्या भिंतीपलीकडे ३.५ गिगाहर्ट्‌झ काय पोचणार? अँटेना रांगेच्या दुसऱ्या टोकाला हलवला.

माझ्या काकांचा प्रश्न असतो की प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यांच्याकडूनच मोजमाप का घेत नाही? घेतात. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेच्या मानकांत रिलीज १० या आवृत्तीपासून त्याची सोय आहे, तिला एमडीटी म्हणतात. पण खिशातला फोन कुठे, किती उंचीवर, कोणत्या कव्हरात, हे कोण सांगणार?

आता उमेदवारांच्या मुलाखती मी घेतो, आणि तो सात सेकंदांचा लॉग समोर ठेवतो. इथे लिहून टाकल्यामुळे आकडा बदलावा लागेल.