मधल्या सुट्टीनंतर रोज बाकाखाली
मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला), दुसरीत. मधली सुट्टी संपली की बाकाखाली शिरायचा, कान घट्ट दाबून. शाळेचं पालुपद एकच, ‘विशेष शाळेत घाला.’ मीही जवळजवळ तयार झाले होते. मग वर्गशिक्षिकांना म्हटलं, बाई, आठवडाभर नुसतं लिहून ठेवा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वहीत पुन्हापुन्हा एकच शब्द, घंटा. त्याची जागा नेमकी घंटेच्या भिंतीला लागून! जागा बदलली, आवाज अडवणारे हेडफोन दिले (पहिले चार दिवस भिरकावलेच), बाकावर चित्रांचं वेळापत्रक चिकटवलं. घंटेच्या ५ मिनिटं आधी बाई त्यातल्या चित्रावर बोट ठेवतात. आता बाकाखाली क्वचितच जातो. गणिताला मात्र विशेष शिक्षिका लागतातच, तो तास वेगळ्या खोलीत.