प्रशिक्षक प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला, तर चाहत्याने काय करावे?

इंदुरात युरोपचे फुटबॉल पाहणाऱ्यांचा दिवस रात्री उगवतो. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात. त्या वेळी सराफ्यातल्या खाण्याच्या दुकानांची आवराआवर चाललेली असते, आणि रामबाग, लोकमान्यनगर किंवा सुदामानगरातल्या एखाद्या घरी सात-आठ जण टीव्हीचा आवाज कमी करून बसलेले असतात, कारण आत आजी-आजोबा झोपलेले असतात. अशाच एखाद्या रात्री मोबाईलवर बातमी येते की, ज्याच्या संघनिवडीवर आपण तीन-चार हंगाम भांडलो, तो प्रशिक्षक आपल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे चालला आहे. खेळाडू गेल्याच्या दुःखाहून हे दुःख निराळे असते, कारण आपली बचावफळी कुठे कच्ची आहे आणि कोणता खेळाडू दबावाखाली चुकतो, हे त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. अशा बातमीने बारा-पंधरा वर्षांची मैत्री दुरावल्याचे मी आमच्याच बैठकीत पाहिले आहे, आणि ती दुरावायला नको होती असे मला अजूनही मनापासून वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

आधी तो कसा गेला हे पाहावे

‘सोडून गेला’ या दोन शब्दांत निरनिराळे प्रसंग दडलेले असतात. कधी क्लबनेच त्याला काढलेले असते, कधी करार संपलेला असतो, कधी संचालकांशी बिनसल्यामुळे त्याने राजीनामा दिलेला असतो, तर कधी करार चालू असताना दुसऱ्या क्लबने ठरलेली भरपाई भरून त्याला नेलेले असते. यांपैकी कोणता प्रसंग घडला हे कळेपर्यंत कोणाला दोष द्यायचा हे ठरवता येत नाही. त्यामुळे पहिल्या रात्री काहीही लिहू नये, दोन्ही क्लबांची अधिकृत निवेदने येऊ द्यावीत आणि त्यांत तीन गोष्टी शोधाव्यात: करार कोणत्या हंगामापर्यंत होता, जाण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि एका क्लबमधून बाहेर पडून दुसऱ्या क्लबमध्ये रुजू होईपर्यंत मध्ये किती काळ गेला.

या फरकाचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच देशात, गोव्यात घडले आहे. सर्जिओ लोबेरा २०१७ पासून इंडियन सुपर लीगमधील एफसी गोवा या क्लबचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघाचा आक्रमक खेळ देशभर नावाजला गेला. २०१९-२० च्या हंगामात साखळी फेरी संपायला थोडेच सामने उरले असताना क्लबने त्यांच्याशी संबंध संपवला. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली खेळून गोव्याने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल जिंकली, आणि लोबेरा पुढच्या हंगामात मुंबई सिटीकडे गेले. त्यांच्या जागी आलेल्या हुआन फेरांदो यांनी २०२१ मध्ये गोव्याला ड्युरँड चषक जिंकून दिला, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, हंगाम ऐन रंगात असताना, करारातील मुक्ततेच्या कलमाचा आधार घेऊन ते एटीके मोहन बागानकडे गेले. दोन्ही वेळा गोव्याचा प्रशिक्षक प्रतिस्पर्ध्याच्या बाकावर जाऊन बसला. माझ्या मते, पहिल्या वेळी चाहत्यांनी प्रश्न विचारायला हवे होते ते क्लबच्या कारभाऱ्यांना. दुसऱ्या वेळी प्रशिक्षकावर रागावणे समजण्यासारखे होते, तरी ते कलम करारात ठेवण्यावर सही क्लबनेही केलेली होती, एवढे ध्यानात ठेवावे लागते.

इंग्लंडमधील डर्बी काउंटीच्या चाहत्यांना हा भेद पन्नास वर्षांपूर्वी कळला होता. ब्रायन क्लफ यांनी १९७२ मध्ये त्या क्लबला पहिल्यांदा इंग्लंडचे साखळी विजेतेपद मिळवून दिले आणि संचालकांशी खटके उडाल्यावर ऑक्टोबर १९७३ मध्ये राजीनामा दिला. चाहते रस्त्यावर उतरले ते संचालकांच्या विरोधात, क्लफ यांना परत आणा म्हणून. पुढे लीड्समधील अवघ्या ४४ दिवसांच्या कारकिर्दीनंतर जानेवारी १९७५ मध्ये क्लफ डर्बीच्या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडे, नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे, गेले आणि १९७९ व १९८० असे सलग दोन युरोपियन चषक त्यांनी तिथे जिंकले. डर्बीकरांना ते किती सलले असेल!

त्याच्याबरोबर कोण जाणार, याचा हिशेब

राग शांत होण्याची वाट पाहत असताना हाताला एक उपयोगी काम असते. प्रशिक्षक सहसा एकटा जात नाही. त्याचा सहायक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक आणि सामन्यांचे विश्लेषण करणारी माणसे त्याच्या मागोमाग जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पद्धतीत मुरलेले खेळाडूही जातात. लोबेरा यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई, असे चौघे मुंबई सिटीत गेले, आणि २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने ढाल व करंडक असे दोन्ही मान एकाच वर्षी मिळवले. त्या वाटेवर उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हरलेला संघ होता एफसी गोवा.

म्हणून वही घ्यावी आणि दोन यादी कराव्यात: प्रशिक्षकाने स्वतः आणलेले खेळाडू, आणि त्याच्या येण्याआधीपासून क्लबमध्ये असलेले किंवा क्लबच्या अकादमीत वाढलेले खेळाडू. पहिल्या यादीतील कोणाचे करार लवकर संपणार आहेत ते पाहावे. पुढच्या सहा महिन्यांची चिंता कुठे करायची हे त्यातून स्पष्ट होते, आणि एका माणसाच्या नावाने बोटे मोडण्यात जाणारा वेळ संघाकडे वळतो. इंग्लंडमध्ये ग्रॅहम पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रायटन क्लब सोडून चेल्सीला गेले, तेव्हा त्यांचे बरेचसे सहकारीही त्यांच्याबरोबर गेले होते. तरीही ऑक्टोबरअखेर चेल्सी ब्रायटनच्या मैदानावर आली, तेव्हा ब्रायटनने ४-१ असा विजय मिळवला आणि हंगामाच्या शेवटी सहावे स्थान पटकावून पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत प्रवेश केला. खेळाडू निवडण्याची क्लबची घडी शाबूत होती, म्हणून हे शक्य झाले. आपल्या क्लबची घडी तशी आहे का, हा प्रश्न गेलेल्या प्रशिक्षकाविषयीच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे.

रागाची भाषा

राग येऊ नये असे मी म्हणणार नाही. ज्याला राग येत नाही त्याचा जीव क्लबमध्ये कधी गुंतलेलाच नव्हता. मात्र शब्द निवडून वापरावेत. आपल्या मराठीत ‘फितूर’ हा शब्द किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी आहे, आणि इतिहासाचे वेड असलेल्या इंदूरच्या मराठी घरांत त्याचे वजन प्रत्येकाला माहीत असते. चालू हंगामात, निवेदनाचा एक शब्द न बोलता निघून गेलेल्या प्रशिक्षकाला तुम्ही कृतघ्न म्हणा, शब्द न पाळणारा म्हणा; पण नोकरी बदललेल्या माणसाला फितूर म्हटले की पुढचा शब्द त्याहून जड वापरावा लागतो, आणि मग बोलणारा थांबत नाही.

तो कुठवर जातो हे लिव्हरपूल शहराने पाहिले आहे. २००५ मध्ये इस्तंबूलला लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे राफाएल बेनिटेझ क्लब सोडल्यानंतर अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये, शहरातील दुसऱ्या क्लबचे, एव्हर्टनचे, प्रशिक्षक होणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांच्या घराच्या परिसरात ‘तू कुठे राहतोस ते आम्हाला माहीत आहे’ अशा धमकीचा फलक लावण्यात आला. पोलिसांना तपास करावा लागला. मैदानात नव्वद मिनिटे हुर्यो उडवणे हा चाहत्याचा हक्क आहे; घर, पत्नी, मुले, धर्म, वर्ण आणि देश यांपैकी कशालाही त्याने हात लावता कामा नये. मोबाईलवरून दिलेली धमकी आपल्या देशातही गुन्हा ठरते, हे गटातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना वडीलधाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावे. ही मुले आपल्याकडे पाहूनच चाहते होतात.

तो समोर येईल त्या रात्रीची तयारी

वेळापत्रक लागले की आपला क्लब आणि त्याचा नवा क्लब कधी भिडणार ते सगळ्यांत आधी शोधले जाते. इंग्लंडमधील दुपारी तीनचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे साडेआठला सुरू होतो, त्यामुळे ही रात्र एकत्र बसून पाहण्याची सोय असते. ती पाहावीही. ज्यांच्याकडे प्रशिक्षक गेला त्या क्लबचे चाहतेही इंदुरात असतात, बहुधा आपलेच मावसभाऊ किंवा महाविद्यालयातले सोबती, आणि त्यांना टाळून सामना पाहण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

यजमानाने काही गोष्टी आधी सांगून टाकाव्यात. पैज लावायची नाही. प्रशिक्षक पहिल्यांदा पडद्यावर दिसेल तेव्हा ज्याला टाळ्या वाजवायच्या आहेत त्याने वाजवाव्यात, ज्याला हुर्यो करायची आहे त्याने करावी, आणि कोणी कोणाकडून खुलासा मागू नये. शिवीगाळ सुरू झाली तर घरातल्या ज्येष्ठाने एकदाच थांबवावे. ‘दादा, पुरे’ किंवा ‘काका, बसा आता’ एवढे बहुधा पुरते. सामना संपल्यावर त्याच रात्री हिशेब मांडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी खाताना तीच माणसे बरीच समंजसपणे बोलतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

समोरून उत्तर येईल हेही गृहीत धरावे. मार्च २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेडला घेऊन चेल्सीच्या मैदानावर परतलेल्या जोझे मोरिन्यो यांना तिथल्या प्रेक्षकांनी विश्वासघातकी म्हणून डिवचले, तेव्हा त्यांनी तीन बोटे उंचावली. त्यांनी चेल्सीला मिळवून दिलेली ती तीन प्रीमियर लीग विजेतेपदे होती. चेल्सीने तो सामना १-० असा जिंकला, पण त्या तीन बोटांना गॅलरीतल्या कोणाकडेच उत्तर नव्हते.

आणि तो आपल्याकडे आला तर

या बाजूचा विचार चाहते क्वचित करतात. आर्सेनलला दोन साखळी विजेतेपदे मिळवून देणारे जॉर्ज ग्रॅहम १९९८ मध्ये आर्सेनलच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, टॉटनहॅमला, आले आणि काही महिन्यांतच त्यांनी लीग चषक जिंकून दिला, तरी टॉटनहॅमच्या अनेक चाहत्यांनी त्यांना अखेरपर्यंत आपले मानले नाही. कोलकात्याचा अनुभव याहून मोठ्या मनाचा आहे. पी. के. बॅनर्जी यांच्या प्रशिक्षणाखाली ईस्ट बंगालने १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० असे हरवले, आणि पुढच्याच वर्षी तेच बॅनर्जी मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. दोन दशकांनंतर, १३ जुलै १९९७ रोजी, सॉल्ट लेक मैदानावर एक लाख एकतीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ते पुन्हा ईस्ट बंगालच्या बाजूने उभे होते. समोर मोहन बागानच्या बाकावर अमल दत्त होते, आणि त्यांनीही पूर्वी ईस्ट बंगालला शिकवलेले होते.

इंदूरकरांना तर यासाठी फुटबॉलपर्यंतही जावे लागत नाही. चंद्रकांत पंडित मुंबईचे. २०१५-१६ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला, त्यानंतर विदर्भाला त्यांनी सलग दोनदा तो जिंकून दिला, आणि जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या अंतिम सामन्यात त्याच मुंबईला सहा गडी राखून हरवत मध्य प्रदेशने पहिल्यांदा करंडकावर नाव कोरले, तेव्हा आपले प्रशिक्षक पंडित होते. होळकर संघाच्या चार विजेतेपदांनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी करंडक या मातीत परतला. त्या दिवशी आपल्यापैकी कोणी त्यांना ‘तुम्ही मुंबई का सोडली’ असे विचारले नाही, आणि दादरच्या नातेवाइकांनीही फोन करून अभिनंदनच केले. आपला प्रशिक्षक दुसरीकडे जाईल तेव्हा हा दिवस आठवावा. तिथेही कोणीतरी अनेक वर्षांपासून त्याची वाट पाहत असते.

जुन्या वस्तूंचे काय करावे

जर्सी जाळण्याची चित्रफीत दोन दिवसांत विसरली जाते आणि जर्सी मात्र कायमची जाते. ती धुऊन, घडी घालून ठेवावी. क्लफ शेजारच्या क्लबला युरोपचे विजेते करून गेले, तरी डर्बीने २०१० मध्ये आपल्या मैदानाबाहेर त्यांचा आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांचा पुतळा उभारला. डर्बी आणि नॉटिंगहॅम यांना जोडणाऱ्या महामार्गालाही क्लफ यांचेच नाव आहे. राग ओसरायला डर्बीला किती वर्षे लागली असतील ती लागोत, १९७२ चे विजेतेपद त्यांनी पुसले नाही. बैठकीच्या भिंतीवर चषक हातात घेतलेल्या प्रशिक्षकाचे छायाचित्र असेल आणि ते आता डोळ्यांना सोसवत नसेल, तर अवश्य उतरवावे. फक्त कपाटात ठेवण्याआधी त्याच्या मागे सामना, तारीख आणि त्या रात्री घरात कोण कोण बसले होते त्यांची नावे लिहून ठेवावीत.