अंगकोरला एक दिवस, लोकल गाईडसोबत

कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांचा एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा, तो आदल्या दिवशीच काढून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकतील असेच कपडे घाला, नाहीतर अंगकोर वाट या मुख्य मंदिराच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत.

पहाटे ५ ला गेटवर पोचा. सूर्योदयाचे फोटो काढून झाले की गर्दी नाश्त्याला पळते, तेव्हाच गाईडला म्हणा की आधी पूर्वेकडच्या गॅलरीतलं समुद्रमंथनाचं कोरीव शिल्प दाखव, जवळपास ४९ मीटर लांब आहे ते, आणि आपल्याला गोष्ट माहीत असते त्यामुळे वासुकी, कासव, देव-दानव पटापट ओळखता येतात, गाईडलाही मजा येते. मग बायोन मंदिराचे दगडी चेहरे, आणि ऊन तापलं की ता प्रोहम मंदिर, तिथे झाडांची सावली मिळते. पाणी भरपूर ठेवा, उकाडा भयंकर असतो!