पहिल्या गिटारला एक अख्खा मे आणि एक अख्खा जुलै द्या

इलेक्ट्रिक गिटार बनवायची तर कारखानाच लागेल, असं आमच्या ब्रह्मपुरीकडे अनेक पोरं धरून चालतात. पहिल्या नमुन्याला सुताराचं सामान पुरतं: रंधा, पटाशी, कानस, गुण्या, ड्रिल आणि एक हाताचा राउटर. ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या), ब्रिज (धडावरचा तारांचा आधार), फ्रेटची (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांची) तार सरळ विकत घ्या. खरा कस लागतो तो नेकमध्ये, म्हणजे दांडीत.

रचना साधी ठेवा. फेंडर कंपनीने 1950 मध्ये आणलेल्या गिटारचं धड सपाट फळीचं होतं आणि नेक स्क्रूने बसवलेला. आपल्यासारख्यांना आजही तेच सोयीचं. नेक बिघडला तर स्क्रू काढून दुसरा बसवायचा, धड वाया जात नाही.

सागवान आपल्याकडे हाताशी आहे म्हणून सगळी गिटार त्याचीच करू नका; सागाचं धड खांद्याला जड होतं. धडाला मी शिवण घेतो. ती हलकी असते आणि फारशी वाकत नाही. नेकला मात्र जुना साग उत्तम. पाडलेल्या घराचं मयाल, म्हणजे छताची तुळई, मिळालं तर सोडू नका, फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधून काढा. नवा साग घ्याल तर बिल आणि वाहतूक पास जपून ठेवा. सागात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसायचं, नाहीतर जोड सुटतो.

फ्रेटच्या जागा अंदाजाने ठरत नाहीत. नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेची लांबी 648 मिमी धरली तर तिला 17.817 ने भागा. पहिला फ्रेट नटपासून 36.37 मिमीवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जा. बारावा फ्रेट बरोबर 324 वर यायला हवा, हीच तुमची तपासणी. खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्या. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलात तर केसाएवढी चूक शेवटी सूर बिघडवते.

पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चुंबकाभोवतीची कॉइल, घरी गुंडाळता येतो. गावोगावी पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणारे कारागीर आहेत. इनॅमलची तार न तोडता कशी धरायची हे त्यांच्याकडे बसून शिका. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पिकअपच्या माहितीत 42 नंबरची तार लिहिलेली असते, ती अमेरिकन मापाने, म्हणजे सुमारे 0.063 मिमी. आपल्या दुकानात 42 मागितली तर एसडब्ल्यूजीची, म्हणजे ब्रिटिश मापाची, 0.1 मिमीची जाड तार हातात येते. तुम्हाला 46 एसडब्ल्यूजीच्या जवळची हवी. एका साध्या सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपला साधारण 8000 वेढे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपलं हवामान. मे महिन्यात पारा 45 च्या वर, जुलैत भिंतींना ओल. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, नेकचा बाक बदलतो. त्यात सहा तारांचा ताण 45 किलोच्या आसपास, तोही रात्रंदिवस. म्हणून नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे बाक कमीजास्त करायची आतली धातूची सळई, हवाच. लाकूड निवडताना फळीच्या टोकाकडून बघा. रेषा उभ्या असलेली फळी कमी वाकते. तयार गिटार तारा ताणूनच एक अख्खा मे महिना आणि एक अख्खा जुलै महिना घरात टांगून ठेवा. दर आठवड्याला बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजून वहीत लिहा. ही वही नसताना ऑर्डर घेणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशावर प्रयोग करणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर गिटार ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याच्या हाती द्या. 14 एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात किंवा लग्नसराईत ती रात्रभर वाजली की घरात न दिसलेलं बरंच कळतं: कोणता ट्यूनर सरकतो, कोणती कड छातीला रुतते, लाइटच्या वायरीजवळ किती गुणगुण येते. दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळून त्यांचे चुंबकही उलटे लावले, तर दोन्ही एकत्र चालू असताना ही गुणगुण बरीच मरते. मात्र मंडपात जनरेटरला अर्थिंग नसेल तर तारा आणि माइक यांच्यामध्ये झटका बसू शकतो, कारण गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याने माइकला ओठ लावण्याआधी मल्टीमीटरने तार आणि माइकची जाळी यांच्यातला एसी व्होल्टेज तपासा. काही व्होल्ट जरी दिसले तरी अर्थिंग नीट होईपर्यंत गिटार प्लगला लावू देऊ नका.