मुलांना कुराणातले किस्से सांगायचे असतील तर

रत्नागिरीत राजिवड्याला आमच्या पडवीत मी एकवीस वर्षं मुलांना नाजरा, म्हणजे बघून कुराण वाचायला, शिकवते. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या (संध्याकाळच्या) नमाजनंतर सबक, म्हणजे धडा, नसतो, किस्सा असतो. नव्यानं शिकवायला लागलेल्या मुली आणि घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या आया मला विचारतात, "आपा, पोरं एवढी गप्प बसून ऐकतात, तुम्ही सांगता कसं?" म्हणून हे लिहिते आहे.

किस्सा कितीही पाठ असो, त्या दिवशी दुपारी तर्जुमा (भाषांतर) उघडून तेवढ्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, पुन्हा वाचा. लहानपणापासून ऐकलेलं आणि कुराणात असलेलं आपल्या डोक्यात एकत्र कालवलेलं असतं. यूसुफच्या किश्शातलं जुलैखा हे नाव कुराणात नाही, तिथे फक्त अजीजची, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) बड्या अधिकाऱ्याची, बायको आहे. मूसांना प्रवासात भेटणाऱ्या ज्ञानी माणसाचं खिज्र हे नावही कुराणात नाही, ते हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदींतून, येतं. बाहेरचं सांगायला माझी हरकत नाही, पण "हे कुराणात आहे", "हे हदीसमध्ये आहे", "हे माझ्या दादीनं सांगितलं" असं मुलांना वेगवेगळं कळलं पाहिजे. आठ वर्षांच्या पोरालाही हा फरक समजतो.

गुहेत झोपलेल्या तरुणांचा किस्सा सांगताना मुलं हमखास विचारतात, किती जण होते? सूरह कहफमध्ये (सूरह म्हणजे कुराणाचा अध्याय) याच प्रश्नावर आयत आहे, बाविसावी. कोणी म्हणेल तीन आणि चौथा कुत्रा, कोणी म्हणेल पाच आणि सहावा कुत्रा, कोणी सात आणि आठवा कुत्रा. आणि पुढे, त्यांची संख्या माझा रबच चांगली जाणतो. तुम्ही आकडा देऊ नका, ती आयत वाचून दाखवा. कुराण जिथे थांबतं तिथे आपणही थांबायचं, हे मुलांना यातून जितकं पटतं तितकं माझ्या बोलण्यातून कधी पटलं नसतं.

एका बैठकीत सगळं संपवू नका. मूसा अलैहिस्सलामांचा (पैगंबरांच्या नावापुढे आदरानं असं म्हणतात, त्यांच्यावर शांती असो) किस्सा कुराणात एका जागी नाहीच. थोडा ताहामध्ये, थोडा कससमध्ये, थोडा कहफमध्ये, असा कितीतरी सूरहांत विखुरलेला आहे. मी पहिल्या दिवशी आईनं बाळाला पाण्यात सोडलं आणि बहीण लांबून बघत चालली, इथे थांबते. आठवडाभर पोरं त्या बहिणीबरोबर किनाऱ्यानं चालत असतात. अगदी लहानग्यांना पाच आयतींचा हत्तींचा किस्सा नाहीतर सुलेमान अलैहिस्सलामांची मुंगी पुरते.

मोठा किस्सा असेल तर त्यातली एक वस्तू धरा. सूरह यूसुफ 111 आयतींची आहे, मुलं मध्येच हरवतात. मी सदरा धरते. भाऊ खोटं रक्त लावून आणतात तो सदरा. मग मागून फाटलेला सदरा, ज्यावरून यूसुफ अलैहिस्सलाम खरे ठरतात. आणि शेवटी मिसरहून धाडलेला, बापाच्या चेहऱ्यावर टाकल्यावर गेलेली नजर परत येते तो. मी खरोखर एक जुना सदरा मांडीवर घेऊन बसते. पहिला सदरा खोटं बोलतो, दुसरा खरं बोलतो, तिसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, फक्त उलगडून धरते.

आमच्या मुलांचा सगळ्यात आवडता किस्सा होडीचा. मूसा आणि खिज्र होडीत बसतात आणि खिज्र तिला भोक पाडतात. फळी काढली हे हदीसमध्ये आहे, कुराणात फक्त होडी फोडली एवढंच. हा किस्सा मी जून-जुलैत सांगते. 1 जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, मुलांना फळी, खिळा, फट सगळं हाताला माहीत असतं. एक पोरगी एकदा रागानंच उठली. "आपा, दुसऱ्याची होडी फोडलीन कशाला? कर्ज काढून घेतलेली असेल तर?" मी उत्तर दिलं नाही. मूसांनाही तिथे उत्तर मिळत नाही, ते मिळतं त्या प्रवासातले तिन्ही प्रसंग झाल्यावर. म्हणून ते मी पुढच्या जुमेरातीला सांगितलं. होडी दर्यावर राबणाऱ्या गरिबांची होती, आणि पुढे एक राजा होता जो प्रत्येक होडी जबरदस्तीनं हिसकावून घेत होता. खोट असलेली होडी वाचली. त्या आठवड्यात ती पोरगी आपल्या नाखवा आजोबांना जाऊन विचारून आली होती, की भोक पडलेली होडी दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात. प्रश्न मुलांकडे राहू दिला तर तो असा घरी जातो.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. एका वर्षी मी यूनुस अलैहिस्सलामांचा किस्सा सांगितला. माशाच्या पोटातला अंधार, तिथली दुआ, आणि मग किनारा. आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, "दुआ करणाऱ्याला अल्लाह समुद्रातून सुखरूप बाहेर काढतो." समोर एक मुलगा बसला होता, ज्याचा बाप त्याच मोसमात दर्यातून परतला नव्हता. तो हळूच म्हणाला, "बाबा पण नमाज पढायचे." मला आजही ती पडवी आठवते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

कुराणात माझं ते वाक्य नाही. तिथे यूनुसना वाचवल्याचं आहे, आणि मोमिनांना, म्हणजे श्रद्धा ठेवणाऱ्यांना, आम्ही असं सोडवतो असंही आहे. पण सोडवणं म्हणजे दर वेळी किनारा, हे मी माझ्या मनानं जोडलं होतं. तेव्हापासून किस्सा काढण्याआधी मी समोर कोण कोण बसलं आहे ते बघते. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचं घर मोडलं, कोण आजारी आहे.

त्या मुलासाठी पुढे मी यूसुफचे वडील याकूब अलैहिस्सलाम यांचा भाग निवडला. हे नीट वाचा, कारण सब्र (धीर धरणं) म्हणजे रडायचं नाही असं आपण पोरांना सर्रास सांगतो. "सब्रुन जमील", सुंदर सब्र, हे शब्द याकूबांचेच आहेत, दोन वेळा. आणि तेच याकूब यूसुफसाठी इतके झुरले की डोळे पांढरे झाले. मुलगे म्हणतात, तुम्ही त्याची आठवण काढता काढता स्वतःला संपवाल. ते म्हणतात, मी माझं दुःख अल्लाहपाशीच मांडतो. म्हणजे सब्र आणि रडणं एकाच माणसात आहे, एकाच सूरहमध्ये. हे मी समजावून सांगितलं नाही, तर्जुमा सावकाश वाचला आणि पुस्तक मिटलं. "काय शिकलात?" असं विचारू नका, निदान त्या रात्री तरी नको. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजची, अजान होईपर्यंत आम्ही नुसते बसलो.

उठताना त्या मुलानं विचारलं, "आपा, दिसत नव्हतं तेव्हा त्यांना हात धरून कोण न्यायचं?"

मी म्हटलं, "ते कुराणात नाही, बाळा."

तो चपला घालता घालता म्हणाला, "कोणीतरी नेत असेल."