व्हीआर आणि जॉयस्टिक जोडताय? आधी या चुका टाळा

फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या खेळात, पहिल्याच दिवशी माझं सेस्ना विमान जुहूच्या धावपट्टीवरून उठलं आणि थेट डावीकडे कलंडलं. स्टिक मधोमध, हात स्थिर, तरी विमान आपलं तिरकंच. तासभर मी डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटच्या सेटिंग्ज उचकत बसलो. बिचाऱ्या हेडसेटचा काही दोष नव्हता. रडर पेडलचा, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्टीचा, एक ॲक्सिससुद्धा (हालचालीची दिशा) रोलला, म्हणजे कुशीवर कलंडण्याला, जोडला गेला होता. पाय जरा रेलला की विमान कलंडणारच.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक यातच दिसते: हेडसेट आणि जॉयस्टिक दोन्ही एकाच दिवशी जोडायचं. मग काही बिघडलं की नेमकं कोण बिघडलंय ते कळत नाही. आठवडाभर नुसत्या मॉनिटरवर उडवा. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा), चाकं, ट्रिम (स्टिकवरचा जोर कमी करणारी जुळवणी), ब्रेक हे न बघता सापडू लागले की मगच हेडसेट डोक्यावर चढवा. तो चढवल्यावर कीबोर्ड दिसत नाही, आणि नाकापाशी राहिलेल्या फटीतून खाली डोकावत विमान उतरवणं हा काही खेळ नव्हे.

एका कामाला दोन मालक

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिमसारख्या सिममध्ये नवीन उपकरण लावलं की पिच (नाक वर-खाली) आणि रोल त्यालाही आपोआप बहाल होतात, मग ते थ्रॉटल (इंजिनाच्या ताकदीचा दांडा) असो की पेडल. कंट्रोल्समध्ये जाऊन ॲक्सिसची यादी उघडा आणि स्टिकचा रकाना सोडून बाकी सगळ्या रकान्यांतल्या पिच-रोलच्या नोंदी पुसा. प्रत्येक विमानासाठी हे वेगळं करावं लागतं. कंटाळा येतो, पण करा.

गेमच्या आधी विंडोजलाही विचारा. रन खिडकीत ‘joy.cpl’ टाइप करा आणि स्टिकचे प्रॉपर्टीज उघडा. हात न लावता चौकोनातली फुली किंचित थरथरत असेल तर थोडा डेड झोन (मधला पट्टा, जिथे स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो) द्या, तीन ते पाच टक्के पुरे. वीस टक्के दिलेत तर स्टिक हलवूनही विमान ढिम्म, आणि मग एकदम उसळी. फुली मध्येच उड्या मारत असेल तर डेड झोननं झाकू नका. जुन्या धाटणीच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर (स्टिकची जागा मोजणारा सरकता भाग) असतो, तो घासतो आणि त्यात धूळ जाते. हॉल सेन्सरच्या (चुंबकानं जागा मोजणाऱ्या) स्टिकमध्ये ही झीज नसते, म्हणून नवी घेताना तेवढं विचारून घ्या. स्टिक पिळून रडर चालवत असाल तर त्या ॲक्सिसला डेड झोन जरा जास्त ठेवा, कारण वळताना मनगट नकळत पिळलं जातंच.

यूएसबीची ओढाताण

स्टिक, थ्रॉटल, पेडल आणि वर हेडसेट, सगळं एका स्वस्त हबवर लोंबकळत ठेवू नका. उड्डाण चालू असताना कानात विंडोजचा तो ‘टुडुंग’ आवाज आला की समजा, काहीतरी सुटलं. हेडसेट थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये लावा आणि बाकीच्यांना स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूणही काढून टाका. पोर्ट बदललं की कधीकधी गेम स्टिकला ओळखत नाही आणि सगळी बटणं परत लावावी लागतात. मी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून पोर्टचा नंबर लिहिलाय.

हेडसेट कोणाचं ऐकतोय?

ओपनएक्सआर (गेम आणि हेडसेट यांच्यातली सामाईक बोली) वापरणाऱ्या गेमसाठी एका वेळी एकच रनटाइम, म्हणजे हेडसेटपर्यंत चित्र पोचवणारा प्रोग्राम, चालू असतो. तुम्ही मेटाचा क्वेस्ट हेडसेट लिंक केबलनं जोडलाय, पण रनटाइम स्टीमव्हीआरचा (स्टीम या गेमच्या दुकानाचा) राहिलाय, तर चित्र उगाच दोन दारांतून फिरून येतं आणि अडखळतं. लिंक वापरत असाल तर मेटाच्या ॲपमधून मेटाचा रनटाइम निवडा. वायरलेस हवं असेल तर पीसी आणि राउटर यांच्यामध्ये लॅनची वायर हवीच, आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, राउटर त्याच खोलीत.

स्वस्तात मिळतोय म्हणून जुना एचपी रिव्हर्ब जी२ हेडसेट घेण्याआधी विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज मिक्स्ड रिॲलिटी हे व्हीआरचं सॉफ्टवेअर काढून टाकलंय, आणि तो हेडसेट त्यावरच चालायचा.

रिझोल्यूशन हेडसेटच्या ॲपमध्ये वाढवलंत आणि गेममध्येही वाढवलंत, तर दोन्हींचा गुणाकार होतो: दीडपट गुणिले दीडपट, म्हणजे सव्वादोनपट. एकाच जागी वाढवा. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम (चित्रं) असताना, प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात, ७२ ला जवळजवळ १४. अडखळणाऱ्या ९० पेक्षा सलग ७२ कधीही बरं. पहिली कात्री ढगांना आणि विमानतळावरच्या वर्दळीला लावा, कॉकपिटच्या अक्षरांना नको.

हात, डोकं आणि पोट

सनमायकाच्या टेबलावर स्टिक सरकते आणि न बघता हात नेला तर ती तिथे नसते. सी क्लॅम्प (टेबलाला आवळायचा शिकंजा) लावा, निदान खाली रबरी मॅट तरी टाका. बटणं ओळखायला मी फ्लॅप्सच्या बटणावर आईच्या पाकिटातली खड्याची टिकली चिकटवलीय. बोटाला लगेच कळतं. स्टिकचं एक बटण दृश्य मध्यावर आणायला राखून ठेवा, नाहीतर मान जरा सरकली की तुम्ही सहवैमानिकाच्या मांडीवर.

मळमळ ‘सवयीनं जाईल’ म्हणून रेटू नका. कपाळावर घाम आला की थांबा. १९३२ साली जेआरडी टाटांनी टपाल घेऊन उडवलेला कराची–अहमदाबाद–जुहू मार्ग मलाही एका बैठकीत पुरा करायचा होता. अहमदाबाद यायच्या आधीच मी पलंगावर आडवा. आता दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, संथ विमान आणि समोर टेबलफॅन. वारा कुठून येतोय ते कळलं की आपण कोणत्या दिशेला बसलोय याचंही भान राहतं.

उठताना हेडसेट लेन्स वर करून खिडकीपाशी ठेवू नका. लेन्समधून ऊन आत एकवटतं आणि काही मिनिटांतच पडद्यावर कायमचा डाग पडतो.